सहा शेर उतरवायचे होते

चांद्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्या कागदावर सही केली नाही आणि मी त्यांच्याशी भांडले. तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. मी सव्वीस वर्षांची होते, नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि विकास गटात ग्रामसेविका म्हणून तात्पुरती लागले होते. कायम व्हायचं तर प्रकृती धडधाकट असल्याचा दाखला हवा होता. डॉक्टरांनी मला दवाखान्याचा जिना दोनदा चढायला लावला, वर येऊन मी भिंतीला टेकले ते पाहिलं, नाडी धरली, काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "बाई, तुमची गावं जंगलातली. रोज आठ-दहा मैल चालणं आहे. या अंगानं किती दिवस निभेल? बारा पौंड उतरवा आणि दोन महिन्यांनी या."

"आमच्या घरात सगळ्यांचं हाडच मोठं आहे," मी म्हणाले.

"हाडाला धाप लागत नाही," ते म्हणाले.

मला इतका राग आला की छत्री तिथंच विसरले आणि ती घ्यायला परत जायची लाज वाटली म्हणून भिजत स्टेशनवर गेले. राग त्यांचा नव्हता, स्वतःचाच होता, हे गाडीत बसल्यावर कळलं. त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. गट कार्यालयातल्या साहेबांनीही सरळ सांगितलं, "श्रावण संपेपर्यंत मी जागा धरून ठेवतो. पुढं माझ्या हातात नाही." घरात मी आणि माझी सासू, एवढ्या दोघीच. दोन एकर धानाची जमीन अर्धेलीनं दिलेली, तिचा तांदूळ होळीपर्यंत पुरायचा. नोकरी गेली असती तर मला भावाच्या दारात जाऊन राहावं लागलं असतं, आणि सासूला जायला कुणाचं दारच नव्हतं.

सासूला मी आत्याबाई म्हणायची. नात्यानं त्या माझ्या कुणीच आत्या नव्हत्या, पण आमच्याकडे तशी रीत. नवरा गेल्यावर गावातल्या बायकांनी मला समजावलं होतं की सासू आता पांढऱ्या पायाची म्हणून छळेल, माहेरी निघून जा. आत्याबाईंनी मला छळलं नाही. त्यांनी मला खाऊ घातलं. दुःखाच्या त्या पहिल्या वर्षात आम्ही दोघी चुलीपुढं बसून भात खायचो, न बोलता, आणि त्या मधूनच म्हणायच्या, "घे पोरी, अजून थोडा." माझं अंग त्या वर्षात सुटलं. ते हाड वगैरे सगळं खोटं.

बारा पौंड म्हणजे साधारण सहा शेर. पौंडांचा काटा आमच्या भागात नव्हता, पण आमचं गाव वडशापासून तीन मैलांवर, आणि वडशाला तांदळाच्या व्यापाऱ्यांकडे पोती तोलायचे मोठे टांगते काटे होते. बाजाराच्या दिवशी मी एका व्यापाऱ्याच्या गोदामात गेले आणि तिथल्या तोलणाऱ्याला म्हणाले, "भाऊ, मले तोलून द्या." तो म्हातारा माणूस, आयुष्यभर पोती तोललेला. त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्यात काही वाईट नव्हतं, पोत्याकडे पाहतात तसंच पाहिलं. एका पारड्यात मी बसले, साखळ्या घट्ट धरून, आणि दुसऱ्यात तो लोखंडी मापं चढवू लागला. धान मोजताना आमच्याकडे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. सवयीनं त्यानं मोठ्यांदा आवाज दिला, "लाभ!" सगळे हमाल हसले. मीही हसले, दुसरं काय करणार. दोन मण तीन शेर भरले.

आता करायचं काय, हे मला पक्कं ठाऊक होतं. जेवण सोडायचं. ग्रामसेविकेच्या शिक्षणात आम्हाला दूध, डाळ, पालेभाजी यांचे तक्ते तोंडपाठ करायला लावले होते, पण ते तक्ते अशक्त बायकांसाठी होते. जाड बाईनं काय करावं हे कुणी शिकवलं नव्हतं. मी घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं, "आजपासून मी जेवत नाई. दोन महिने."

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. "अजिबातच?"

"अजिबात. पेज तेवढी पेईन."

इथं थोडं सांगायला हवं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, जेवण म्हणजे भात. माणसानं भात खाल्ला तर तो जेवला. भाकर, पोहे, उकडलेले कंद, भाजलेला मोह, यातलं काहीही पोटभर खाल्लं आणि कुणी विचारलं, जेवले का, तर माणूस मनापासून म्हणतो, नाई. आणि पेज तर खाण्यातच येत नाही. तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून ती करतात, आंबट करतात, आणि ती प्यायची असते. तहानेला पितात, उन्हातून आलं की पितात, पाहुण्याला आधी पेज देतात आणि मग जेवणाचं विचारतात. तेव्हा मी जेवण सोडलं म्हणजे सगळंच सोडलं, याबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नव्हती. मी सकाळी लोटाभर पेज पिऊन निघायची, दुपारी आल्यावर लोटाभर, संध्याकाळी लोटाभर. मधे तोंडाला चाळा म्हणून पदराच्या गाठीत तिळाबरोबर भाजलेला मोह. तो तर फुलंच. फुलांनी कुणी जाड होतं का?

पहिल्या आठवड्यात मला खूप हलकं वाटलं. रोवणीचे दिवस होते, बांधांवरून चिखलात चालताना मला वाटायचं की पाय आपोआप उचलले जातात. लुगड्याची गाठ सैल झाली असंही वाटलं. बाजाराच्या दिवशी मी काट्यात बसले ती जवळजवळ ऐटीत. दोन मण तीन शेर.

"लुगडं ओलं आहे," मी म्हणाले.

"हो बाई, ओलं आहे," तोलणारे भाऊ म्हणाले. माणूस भला होता.

दुसऱ्या आठवड्यात मी कोरडं लुगडं पिशवीत घालून नेलं आणि गोदामाच्या आडोशाला बदललं. दोन मण तीन शेर. तिसऱ्या आठवड्यात पावशेर जास्तच भरलं. भाऊंनी मापं दोनदा बदलून पाहिली, पारडी मोकळी करून काटा सरळ आहे का ते मला दाखवलं. "मले वाटते बाई, हवेतला ओलावा धरून राह्यलं," ते म्हणाले. तांदूळ पावसाळ्यात ओलावा धरतो, म्हणून त्यांना माणसाचंही तसंच वाटलं असावं. मी त्यांच्यावर खेकसले. मग परत येताना एका बांधावर बसून रडले. कुणी पाहू नये म्हणून आत्याबाईंची छत्री समोर धरली होती.

ते दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात. माणूस काही चुकीचं करतो आणि त्याची फळं भोगतो, ते समजू शकतं. पण आपण सगळं सोडलेलं आहे, जिवावर उदार होऊन पाळलेलं आहे, आणि शरीर ढिम्म हलत नाही, तेव्हा स्वतःच्या अंगाचाच राग यायला लागतो. मी रात्रंदिवस माझ्या दंडांकडे, पोटाकडे शत्रूसारखी पाहायची. गावात बायका सल्ले द्यायच्या. एकीनं कडुनिंबाचा रस सांगितला, तो मी चार दिवस घेतला आणि तोंडाची चव गेली. एक म्हणाली, "तुह्या नशिबातच मोठं अंग आहे, काऊन जीव जाळतं?" तिच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. आत्याबाईंनी मात्र कसलाच सल्ला दिला नाही. मी थकून आले की पेजेचा लोटा पुढं करायच्या आणि मी पीत असताना माझ्या तोंडाकडे पाहत बसायच्या.

चौथ्या आठवड्यात मी जंगलातल्या एका गोंड वस्तीवर गेले. तिथल्या बायकांना लेकरांच्या खाण्याबद्दल सांगायचं होतं. मी तक्ते दाखवले, त्यांनी ते शांतपणे पाहिले, आणि मग घरातल्या वयस्क बाईनं पळसाच्या पानांचा द्रोण माझ्यापुढं केला. "पेज घ्या, बाई."

मी द्रोण तोंडाला लावला आणि खाली केला. आत पांढुरकं आंबट पाणी होतं. तळाशी चार शितं. मला वाटलं माझ्या वाट्याला चुकून वरची निवळ, नुसतं पाणी आलं. मी सहज विचारलं, "हिच्यात भात कुठी आहे?"

तिनं बाकीच्या बायकांना गोंडीत काहीतरी सांगितलं आणि त्या सगळ्या खळखळून हसल्या. मग मला म्हणाली, "पेज होय ना बाई हे. भात राहीन त मंग जेवण होते."

"आमच्या घरी तर पेजेत पळी उभी राहते."

"मंग तुमी रोज जेवता, बाई," ती म्हणाली. टोमणा नव्हता. तिनं फक्त खरं ते सांगितलं.

परतीची चार मैल वाट मी कशी चालले ते मला आठवत नाही. दिवसाला तीन लोटे. तीन जेवणं. वर पदरातला मोह, जो आमच्याकडे गाई-बैलांना अंग धरावं म्हणून घालतात. हे मला, तक्ते घेऊन गावोगाव फिरणाऱ्या बाईला, चार आठवड्यांत सुचलं नव्हतं. पण चालता चालता आणखी एक गोष्ट डोक्यात आली आणि तिडीकच गेली. आमची पेज आधी अशी नव्हती. मी लहानपणापासून पेज पीत आले, सासरी आल्यावरही प्यायले, ती पातळच असायची. पळी उभी राहायला लागली ती मी जेवण सोडल्यापासून.

मी नेहमीपेक्षा लवकर घरी पोचले. आत्याबाई चुलीपुढं बसून मडक्यात रवी फिरवत होत्या. मऊ शिजलेला भात घोटून घोटून त्याची शितं मोडत होत्या, म्हणजे मला दिसू नये. मला दारात पाहून त्यांचा हात थांबला.

"हे काय करून राह्यल्या तुमी?"

त्यांनी मडक्यावर झाकण ओढलं.

मी मग जे बोलले ते लिहायला आजही लाज वाटते. मी म्हणाले, तुम्हाला माझी नोकरी नकोच आहे. मी बाहेर हिंडते ते तुमच्या डोळ्यांत खुपतं. मी या घरात लोळत पडावं, तुमचे पाय चेपावेत, एवढंच तुम्हाला हवं. चार आठवडे मी मरमर केली आणि तुम्ही इथं बसून माझ्या कष्टांवर माती घातली. शेजारच्या घरातलं जातं थांबलं, इतका माझा आवाज चढला होता.

आत्याबाई आधी म्हणाल्या, "लोकं काय म्हणतीन? पोरगा गेला अन् सासू सुनेले उपाशी मारून राह्यली, असंच म्हणतीन ना?"

"लोकं गेले खड्ड्यात," मी म्हणाले.

मग त्यांनी रवी बाजूला ठेवली. "तो गेला त्या दिवशी सकाळी त्यानं भात मागतला," त्या म्हणाल्या. "तू विहिरीवर गेली होती. वैद्यानं लंघन सांगतलं होतं, तापात अन्न द्याचं नाई म्हणून. तो म्हणे, माय, दोन घास दे. मी नाई देल्ला." त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "या घरात आता कोणी जेवत नाई म्हटलं का, माह्या हातापायातलं बळ जाते."

हे मला माहीत नव्हतं. तीन वर्षं आम्ही एका चुलीपुढं बसत होतो आणि हे मला माहीत नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी काय आलं ते सांगता येत नाही. मी चुकले, असं म्हणणं मला कधीच नीट जमलेलं नाही, त्या दिवशीही जमलं नाही. मी त्यांच्याजवळ बसले आणि दोघी मिळून रडलो. रडून झाल्यावर मी व्यवहाराचं बोलले. मी दुपारी त्यांच्या डोळ्यांसमोर जेवीन, वाटीभर भात आणि वर भाजी, वरण. संध्याकाळी पेज, पण खरी पेज, वरची निवळ. मोह बंद.

"वाटीभरच?" त्या म्हणाल्या.

"वाटीभर. पण जेवीन. उपाशी नाई राहणार."

त्यांनी मान हलवली. "अन् तुमी?" मी विचारलं. "माहं मी पायतो," त्या म्हणाल्या, आणि मी तेवढ्यावर सोडून दिलं. माझ्या डोक्यात माझे सहा शेर होते.

पुढच्या बाजारी काही फरक नव्हता. मी इतकी निराश झाले की व्यापाऱ्याच्या गोदामातच एका पोत्यावर बसून राहिले. तोलणारे भाऊ म्हणाले, "बाई, ओलं पोतं बी एका दिवसात नाई सुकत." त्यांचं ते एक वाक्य मला आठवडाभर पुरलं. त्यानंतर शेरभर उतरलं. मग पुन्हा दीड शेर. ज्या दिवशी दोन मणांच्या मापांपुढं माझं पारडं वर गेलं, त्या दिवशी भाऊंनी असा हाकारा घातला की गोदामातले हमाल पोती टाकून पाहायला आले. श्रावणाच्या अखेरीला एकूण साडेचार शेर झाले. सहा झाले नाहीत. मुदत संपली होती.

चांद्याला जाताना आत्याबाई म्हणाल्या, मीही येते, देवीला नारळ फोडायचा आहे. आम्ही छोट्या गाडीनं गेलो. रस्ताभर मी नऊ पौंड आणि बारा पौंड यांच्यातलं अंतर मनात घोळवत होते आणि त्या खिडकीतून धानाकडे पाहत होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी मला पुन्हा जिना चढायला लावला, दोनदा. दुसऱ्यांदा वर येऊन मी सरळ उभी राहिले. त्यांनी नाडी धरली, काट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तीन कमी आहेत."

मी पिशवी उचलायला वाकले.

"असू द्या. चालण्यानं जातील. श्वास चांगला आहे तुमचा." त्यांनी कागद ओढला आणि सही केली. इतकं सोपं. मला त्या घामट खोलीत नाचावंसं वाटलं. मग त्यांची नजर दाराजवळच्या बाकावर गेली. "या कोण?"

"माझ्या सासूबाई."

ते उठले, आत्याबाईंच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, मनगट धरलं आणि त्यांना काट्यावर उभं केलं. आत्याबाईंना वाटलं हाही माझ्या दाखल्याचाच भाग आहे, त्या अगदी ताठ उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी आकडा वाचला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "यांना वजन उतरवायला कुणी सांगितलं होतं?"

"मी आंधीपासूनच अशी हावो, डाक्टरसाहेब," आत्याबाई घाईनं म्हणाल्या. "सून लय खाऊ घालते मले."

मी तेव्हा त्यांच्याकडे पाहिलं. दोन महिने माझ्या स्वतःच्या दंडांशिवाय मी काही पाहिलंच नव्हतं. चोळीच्या बाहीत त्यांचा हात काठीसारखा होता. गळ्याची हाडं वर आली होती. लोक जे विचारतील म्हणून त्या भीत होत्या, तोच प्रश्न आता उलटा होऊन डॉक्टरांच्या डोळ्यांत माझ्यासाठी होता.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना धरून विचारलं. आधी त्यांनी टाळलं, मग सांगितलं. मी जेवण सोडलं तेव्हापासून त्यांनी स्वतःसाठी भात रांधलाच नव्हता. मडक्यातला तळचा भात माझ्या लोट्यात आणि वरचं पाणी त्यांच्या. "तू नाई जेवत त मी एकटी कोणासाठी मडकं चढवू?"

"पण मंग मी जेवाले लागली ना, महिना झाला!"

"वाटीभर," त्या म्हणाल्या. "तुले वाटीभर अन् मी ताटभर खाऊ? नाई उतरत घशाखाली."

मी त्यांना रागावले नाही. देवीकडे आधी न जाता त्यांचा हात धरून स्टेशनजवळच्या खानावळीत नेलं. दोन ताटं सांगितली. वाढप्यानं भाताचा ढीग वाढला, वरण ओतलं, आणि आत्याबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. भूक त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"जेवा ना," मी म्हणाले.

"तू घे आंधी."

दाखला माझ्या पिशवीत होता, सहीची शाई नीट वाळलीही नव्हती. मी मोठा घास घेतला. मग त्यांनी ताटाला हात लावला आणि मान खाली घालून भराभर जेवू लागल्या. वाढपी पुन्हा भात घेऊन आला तेव्हा मी आधी माझं ताट पुढं केलं, कारण नाहीतर त्यांनी त्यांचं केलं नसतं.